वरचा जबडा

आबांनी उभ्या हयातीत एकदाच धडधडीत खरं सांगितलं, आणि नेमका त्याच दिवशी घरातल्या कुणाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही.

"टकळी आलीय," जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून, धापा टाकत ते म्हणाले. "खाली आहे. पेटीत."

थोरली सून ओट्याशी पेले पुसत होती. तिने हातातला पेला तसाच धरून सासऱ्याकडे बघितलं. "आबा," ती म्हणाली, "आजचा दिवस तरी नको हो."

तिचंही चुकलं नव्हतं. याच म्हाताऱ्याने शेजाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आपण घडवलेली एक कवळी मालकाचा डोळा लागला की भांड्यातून निघते आणि आळीत फिरून लोकांचे बदाम फोडते. शेजारी बिचारा पुढे कितीतरी दिवस बदाम कुलपात ठेवत होता. आबा 'ऊन पडलंय' म्हणाले तर छत्री घेऊन निघावं, असं सगळी आळी म्हणायची, आणि आबांना त्याचा अभिमान होता. दात खोटे करायचे ते खऱ्यासारखे, आणि गोष्टही तशीच, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर खाली कारखान्यात कवळ्या केल्या आणि वर घरात थापा मारल्या. दोन्ही धंदे बरे चालले.

पण टकळीच्या बाबतीत ते कधी थाप मारत नसत. ती त्यांची नात. धाकट्या मुलाच्या मागे राहिलेली एकुलती एक. लहानपणी एकदा बोलायला लागली की जेवणातही थांबायची नाही, म्हणून हे नाव पडलं. मोठी झाल्यावर ती बोलायची कमी आणि विचारायची जास्त. ज्यांना घरातून, रस्त्यातून उचलून नेतात ती माणसं कुठे ठेवतात, आत त्यांचं काय करतात, हे ती तुरुंगातुरुंगाच्या दारात उभी राहून विचारत फिरायची. मग एके दिवशी बसथांब्यावरून साध्या कपड्यांतल्या माणसांनी तिलाच उचललं. तेव्हापासून ज्या ज्या खिडकीशी तिची आई गेली, त्या त्या खिडकीने एकच सांगितलं: आमच्याकडे नाही. शेवटी आईने कोर्टात अर्ज टाकला की माझी मुलगी समोर आणून उभी करा. सरकारने शपथेवर उत्तर दिलं की बाई स्वतःच्या मर्जीने देश सोडून गेल्या. त्या अर्जाची सुनावणी उद्यावर आली होती.

"सूनबाई," आबा म्हणाले, "देवाशपथ सांगतो म्हटलं तर तू हसशील. म्हणून काही सांगत नाही. खाली चल."

कारखाना म्हणजे जिन्याखालची लांबोडकी खोली. एका भिंतीला प्लास्टरची पिंपं, दुसरीला कवळ्या शिजवायच्या पितळी डब्या आणि त्या उकळायचं पातेलं, खिडकीशी पॉलिशचं चाक, आणि सगळ्यावर एक पांढरा थर, जो पुसला तरी संध्याकाळी परत हजर. तुरुंगाच्या दवाखान्याचं काम थोरल्याने भांडून मिळवलं होतं. तिथून पत्र्याच्या पेटीत कैद्यांच्या जबड्यांचे साचे यायचे, नावाऐवजी नुसता नंबर टाकलेले. सकाळी ड्रायव्हर पेटी ठेवून गेला तेव्हा खाली आबा एकटेच होते.

टेबलावर आता दोन साचे शेजारी शेजारी होते. एक पेटीतला, कोरा पांढरा. दुसरा जुना, पिवळट. तो दारावरच्या फळीवरून आबांनी उतरवला होता. लोक पोरांचे फोटो लावतात. या घरात पोराचे दुधाचे दात पडून पक्के आले की त्याच्या जबड्याचा साचा काढून फळीवर ठेवायचा. थोरल्याचा होता, आत्याचा होता, गेलेल्या धाकट्याचा होता. पाहुणे फळीकडे बघायचे आणि पटकन चहा संपवून निघायचे.

जुन्या साच्यात वरचे सगळे दात होते आणि डावीकडचा सुळा गच्चीवर चढून बसलेल्या मांजरासारखा शेजाऱ्यांच्या वर चढला होता. नव्या साच्यातही मांजर तिथेच होतं. फक्त त्याच्यापुढचे सगळे दात गेले होते. तिथे हिरडी होती, आणि ती नीट भरूनही आली नव्हती.

थोरला खाली आला, वाकून बघून म्हणाला, "असे वर चढलेले सुळे काय कमी असतात, आबा?"

"टाळू बघ."

टाळूवर प्रत्येकाला वळ्या असतात, ओल्या वाळूवर वारा उठवतो तशा. दोन माणसांच्या सारख्या नसतात. हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. थोरल्याने पाहिलं, चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत पाहिलं. मग तो मागे सरकून स्टुलावर बसला आणि उगाचच म्हणाला, "कोण करतं हल्ली तिथे साचे? कडा बघा कशा सोडल्यात."

तेवढ्यात धाकटी आली. टकळीची आई. नवरा गेल्यावर ती या खोलीत बसायला लागली ती कायमची. मेणात दात बसवायचं काम तिचं. कुणी तिला काही सांगितलं नाही. तिने पेटीतला साचा उचलला, डोळ्यांशी नेला नाही, नुसता अंगठा टाळूवरून फिरवला.

"हीच," ती म्हणाली.

थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिने हळूच काढून ठेवला, चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू उचलून ठेवावी तसा. "ताई, तुम्ही सगळे वर जा. वकीलबाई येतील, बोला काय बोलायचं ते. मला इथे बसू दे."

"एकटीच?"

"एकटी कुठे आहे?"

ते वर गेले. पुढे जे झालं त्याला कुणाला दोष द्यायचा तर त्या क्षणाला द्यावा. दार लोटून घेताना तिने पाठीमागून कडी घातली, आणि आबांना वाटलं, रडायला बसली असेल.

वकीलबाई म्हणजे टकळीची मैत्रीण. वयाने लहान, आवाजाने मोठी. आबांचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "पेटी कुणी घेतली ताब्यात?"

"मी," आबा म्हणाले.

"आणखी कुणी पाहिलं?"

"ड्रायव्हरने पाहिलं. पण तो काही आपला नातेवाईक नाही."

"मग साक्ष तुम्हालाच द्यावी लागेल, आबा. पेटी तुरुंगातून आली आणि त्यात हा साचा होता, एवढंच सांगायचं. दोन्ही साचे मी न्यायाधीशांपुढे ठेवते. देश सोडून गेलेल्या बाईच्या हिरडीचा ताजा साचा तुरुंगाच्या दवाखान्यात कसा, ते मग सरकारने सांगावं."

आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. आत्या म्हणजे आबांची मुलगी. टकळीची आत्या म्हणून सगळं घरच तिला आत्या म्हणायचं. तिचे यजमान सरकारी खात्यात बऱ्यापैकी वर होते आणि माहेरी आली की ते येत नसले तरी त्यांचा निरोप तिच्याबरोबर यायचाच. ती आता हसली, पण हसण्यात हसू नव्हतं. "कोर्टात आबा? न्यायाधीश खुर्चीवरून खाली पडेल. अगं बाई, यांनी माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं होतं की मुलीला जन्मतःच बत्तीस दात होते!"

"होते," आबा म्हणाले. "तेव्हापासून सगळ्यांना चावतेस."

"बघा. हे साक्षीदार."

"आत्या, चेष्टा पुरे," थोरला म्हणाला. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. "साचा कोर्टात गेला की पहिला प्रश्न काय? तुमच्याकडे कसा आला. मग काम जाणार. ते जाऊ दे. पण मग ते इथे येणार. मला उचलतील, आणि माझ्या जबड्याचा साचा कुणाकडे पाठवतील दात करायला? दुसरा कारखाना बघावा लागेल त्यांना."

"अहो, काय बोलता!" थोरली म्हणाली.

"खरं बोलतो. आणि तिचं काय होईल तेही बघा. आत्ता निदान तिचे दात तरी करून घेतायत. म्हणजे ती त्यांना हवीय. उद्या कोर्टात त्यांची फजिती झाली तर दातांची गरजच राहणार नाही."

हे कुणाच्याही मनात नव्हतं असं नाही, पण कुणी बोललं नव्हतं. वकीलबाई म्हणाली, "काका, ही माणसं अंधारात काय करतात ते तुम्ही खाली बघितलंत. उजेडात आणलं की त्यांना हात आखडावा लागतो. नेहमी नाही. पण लागतो."

"नेहमी नाही," थोरला म्हणाला. "हेच म्हणतोय मी."

थोरली नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आबांनी ते पाहिलं. या घरात कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं यावरून ते अर्धी भांडणं ओळखायचे. सकाळी थोरली धाकटीपाशी होती. आता ती खिडकीपाशी होती. तिलाही पोरं होती.

"दादाचं बरोबर आहे," आत्या म्हणाली आणि पुढे वाकली. "मी यांचा निरोप घेऊन आलेय. यांनी कुणाकुणाचे पाय धरून शब्द आणलाय. अर्ज मागे घ्या. उद्या कोर्टात वकील उभाच करू नका. गाजावाजा थांबला की चार-सहा महिन्यांत ती सापडेल."

"कुठे सापडेल?" आबांनी विचारलं.

"ते कसं सांगणार? सापडेल. सीमेवर, दवाखान्यात, कुठेतरी. घरी येईल. आपल्याला काय करायचंय कुठून आली ते?"

खोलीत जरा सैलसर झाल्यासारखं वाटलं. घरी येईल, या दोन शब्दांनी. वकीलबाईचंही तोंड क्षणभर उघडं राहिलं. थोरल्याने खुर्ची ओढली. "असा शब्द कुणी दिलाय पण? मोठा माणूस आहे का?"

"मोठाच."

थोरली अजून उभीच होती. ती हळू बोलणारी बाई. भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाली, "वन्सं, एक कळलं नाही मला. जी त्यांच्याकडे नाहीच, ती सापडेल असा शब्द ते कसा देतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे तुमची वाटी नाही असं मी सांगितलं, आणि वर म्हटलं, तुम्ही गप्प राहिलात तर सहा महिन्यांनी परत देईन. तुम्ही काय समजाल?"

आबांना आपल्या मुलीचा चेहरा चांगला वाचता यायचा. लहानपणी ती खोटं बोलली की डाव्या कानाची पाळी ओढायची. आत्ता तिचे दोन्ही हात मांडीवर होते, पालथे.

"यांना माहीत होतं," ती म्हणाली. कुणाला सांगत नव्हती. "सगळा वेळ. मी रोज विचारत होते, काही कळलं का हो, काही कळलं का. आणि हे वर्तमानपत्र उलटत म्हणायचे, चौकशी चाललीय."

थोरली खिडकीपासून निघाली, नणंदेजवळ जाऊन बसली आणि तिला पाण्याचा पेला दिला. एवढ्या वर्षांत या दोघींना शेजारी शेजारी बसलेलं आबांनी फक्त फोटोत पाहिलं होतं, तेही फोटोवाल्याने बसवलं म्हणून.

"न्या तो साचा कोर्टात," आत्या पाणी न पिताच म्हणाली. "आणि आबा, तुम्ही बोला. मी येऊन पहिल्या रांगेत बसते. बघते कोण हसतं ते."

थोरला एकटा पडला. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी नाही म्हटलंय हे लक्षात ठेवा म्हणजे झालं," तो म्हणाला. मग वकीलबाईकडे वळला. "आबा काय सांगणार, ते तरी एकदा नीट घोकून घ्या त्यांच्याकडून. नाहीतर उद्या साच्याला पाय फुटतील."

आबांनी तिथल्या तिथे साक्ष देऊन दाखवली. सकाळी पेटी आली. उघडली. नातीचं तोंड ओळखलं. तीनच वाक्यं. एवढी लहान गोष्ट त्यांनी जन्मात सांगितली नव्हती, आणि ती सांगताना आवाज असा कोरडा पडला की वकीलबाई वही मिटून म्हणाली, "बास. यात काही घालू नका."

"घालायला आहे काय?" आबा म्हणाले.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. सगळे साचा घ्यायला खाली निघाले, वकीलबाई पुढे, हातात घडी केलेलं फडकं.

कडी काढून धाकटी बाजूला झाली. खोलीत वाफ होती. पातेलं शेगडीवरून उतरवलेलं होतं, पितळी डबी दोन भागांत उघडी पडली होती, आणि टेबलाच्या कोपऱ्यात, केर भरायच्या पत्र्यावर, प्लास्टरचे तुकडे होते. लहान मोठे, काहींना गुलाबी डाग. पुसलेल्या टेबलाच्या मधोमध, ओल्या फडक्यावर, दात होते.

वकीलबाईला काय झालं ते कळलं नाही. बाकीच्यांना दारातूनच कळलं. कवळी करायची तर साच्यावर मेणात दात बसवायचे, सगळं डबीत प्लास्टरने चिणायचं, मेण वितळवून त्या जागी गुलाबी लगदा दाबायचा आणि उकळायचं. मग डबी उघडून आतलं प्लास्टर हातोडीने ठोकून काढायचं. दात हाती येतात. साचा येत नाही. त्यात नवल काहीच नाही, रोजचंच ते.

"साचा कुठाय?" वकीलबाईने विचारलं.

धाकटीने पत्र्याकडे बघितलं. तिने तो पहिल्यांदाच बघावा तसं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आबांना बघवलं नाही.

"तिला चावता येत नसेल," ती म्हणाली. "मी म्हटलं... ड्रायव्हर संध्याकाळी न्यायला येतो ना. मी म्हटलं, आज गेले तर उद्या सकाळी... मला आठवलंच नाही हो, वकीलबाई. हात चालत गेले. मला कोर्ट आठवलंच नाही."

"काकू, तो एकच पुरावा होता आपल्याकडे."

"ओरडू नका तिच्यावर," थोरली म्हणाली.

"ओरडत नाहीये मी!" वकीलबाई ओरडली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

थोरला टेबलाशी गेला. या खोलीत धाकटीच्या कामाला नावं ठेवणं हे त्याचं रोजचं काम. दात उचलून त्याने उजेडाकडे धरले. पुढच्या दातांतला एक जरासा वळलेला होता, शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा. असे वाकडे दात दिसले की तो धाकटीला सगळं परत करायला लावायचा. टकळीचा तो दात तसाच होता. लहानपणी तिला तार लावायची यावरून केवढं रामायण झालं होतं, आणि तिने तार लावू दिली नव्हती.

त्याचा हात खाली आला.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"द्यायचे नाहीत," वकीलबाई वळून म्हणाली. "हे दात मला द्या. हेच कोर्टात नेते."

"आणि ती काय खाईल?" धाकटी म्हणाली. तिने फडक्यासकट दात छातीशी घेतले होते. "तुम्ही तिच्या मैत्रीण ना? ती काय खाईल?"

"ती असती तर तिनेच सांगितलं असतं, पुरावा..."

"ती असती तर!" आत्या म्हणाली. "ती असती तर आपण इथे उभे असतो होय?"

भोंगा परत वाजला. तेव्हा थोरला बोलला, अगदी कामाच्या आवाजात, कुणाकडेही न बघता. "आबा, त्याला बाहेर बसवा. प्लास्टर भिजवतो मी. दातांच्या आत ओतलं की टाळू परत उमटतो. वळ्या तरी येतील. साबणाचं पाणी कुठेय, चिकटायला नको? प्लास्टर गरम होऊन गार होईस्तोवर हलवता येणार नाही. तेवढा वेळ थांबवा त्याला."

"काय सांगून थांबवू?"

थोरल्याने पहिल्यांदा बापाकडे पाहिलं. "आबा," तो म्हणाला, "हे तुम्ही मला विचारताय?"

ड्रायव्हर दारातल्या बाकावर बसायला तयारच नव्हता. फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं होतं त्याला. गोलसर, घामट, बरा माणूस. चहा आला तेव्हा एका पायावर उभा राहून प्यायला लागला.

"पॉलिश चाललंय," आबा म्हणाले. "घाई करून चालत नाही. घाईत केलेल्या कवळीने काय होतं ते त्या सर्कशीतल्या पैलवानाला विचारावं."

"कुठला पैलवान?"

"तुला नाही माहीत? दातांनी ट्रक ओढायचा तो. बघ, बसायचं तर सांगतो, उभ्या माणसाला सांगण्यासारखी नाही."

ड्रायव्हर बाकाच्या कडेला टेकला. आबांनी त्याला सांगितलं की पैलवानाचे खरे दात कधीच गेले होते, तो ओढायचा तो आबांनी केलेल्या कवळीने, आणि हे गुपित फक्त दोघांना माहीत होतं. एकदा ती कवळी घाईत झाली. खेळ उताराच्या रस्त्यावर होता. पैलवानाने दोर दातांत धरला, जोर केला, ट्रक सुटला. पैलवान राहिला मागे, आणि कवळी दोर धरून पुढे! ट्रक तिच्यामागे. भर बाजारातून.

"नुसती कवळी?"

"नुसती. भाजीवाल्या बाजूला, सायकली बाजूला. चौकात पोलिसाने हात केला, थांबली बिचारी. कायद्याने वागणारी होती. पोलीस म्हणाला, लायसन दाखव."

ड्रायव्हर हसला आणि नीट बसला. त्याने पेला खाली ठेवला. आबांच्या पाठीमागे दार अर्धवट लोटलेलं होतं, आतून चमच्याने वाटी खरवडल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. ओतलं असेल. आता फक्त वाट बघायची.

"मग कवळीवर खटला भरला," आबा म्हणाले. "वकील मिळेना. न्यायाधीशाने विचारलं, ही कुणाच्या तोंडातली? पैलवान कशाला कबूल होतोय, त्याचं पोट त्याच्यावर. तेव्हा हुकूम निघाला: गावातल्या प्रत्येकाने कोर्टात येऊन ही तोंडात घालून बघायची. ज्याला बसेल ते तोंड गुन्हेगार."

"अरे बाप रे!" ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. "तुमच्याकडे यायला मजा येते, आजोबा. नाहीतर आमच्या तिथे दिवसभर... बरं, बोलता बोलता विसरेन. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या खेपेला खालचा साचा पाठवतो म्हणून. तोही जरा लवकर करा."

"कुणाचा?"

"हाच नंबर. आज वरचे नेतोय तिचेच खालचे. दोन्ही एकदम केले असते तर माझी फेरी वाचली असती, पण यांचं काय, आज हे, उद्या ते."

पेटीत साच्याबरोबर मेणाचा एक तुकडा यायचा, रोगी त्यावर चावतो. आबांनी तो सकाळी हातात घेतला होता. वरच्या बाजूला मध्ये रिकामं होतं. खालच्या बाजूला दातांची ओळ सबंध उमटलेली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मक्याच्या कणसासारखी. मेण चावलं तेव्हा खालचे होते. म्हणजे त्यानंतर.

"मग?" ड्रायव्हर म्हणाला. "कुणाला बसली?"

आत काही वाजत नव्हतं. प्लास्टर अजून गरम असणार. आबांनी बाकाची कड पकडली.

"रांग लागली," ते म्हणाले. आवाज आला, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "पहिला आला वाणी. तोंड उघडलं. कवळी म्हणाली, छे, याच्या तोंडात खडे आहेत, तांदळातले. दुसरा न्हावी. त्याने तोंड उघडलं ते बंदच होईना, सगळ्या गावाच्या बातम्या बाहेर यायला लागल्या..."

ड्रायव्हर हसत होता. आबा सांगत राहिले. त्यांनी शिंपी आणला, मास्तर आणला, पोस्टमन आणला, एकेकाला तोंड उघडायला लावलं, आणि प्रत्येक उघड्या तोंडात त्यांना एकच तोंड दिसत होतं, तरी प्रत्येकाला त्यांनी काहीतरी वेगळं विनोदी बोलायला दिलं. कुठून सुचत होतं कोण जाणे. गाव संपत आलं. रांगेच्या टोकाला आता फक्त उंच खुर्चीत बसलेला न्यायाधीश उरला.

तेव्हा थोरला बाहेर आला. कोपरापर्यंत पांढरा, पण तो कधी पांढरा नसतो? त्याने दोऱ्याने बांधलेली पेटी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि बापाकडे बघून मान हलवली.

"थांबा हो, जरा थांबा," ड्रायव्हर म्हणाला. "कुणाला बसली ते तर सांगा."

"आता नाही," आबा म्हणाले. "पुढच्या खेपेला. खालचा साचा घेऊन येशील ना, तेव्हा सांगतो."

"नक्की?"

"तू साचा आण. त्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही." त्यांनी ड्रायव्हरची बाही धरली होती, ती त्यांना सोडवेना. "आणशील ना रे? विसरू नको."

"एवढं काय, आजोबा, आणतो की," तो म्हणाला, आणि गाडीत बसला तरी हसतच होता.

आत वकीलबाई दोन साचे टेबलावर ठेवून मोबाईलचा उजेड धरून उभी होती. "मिळालं, आबा! वळी न् वळी आलीय. बघा तरी." आत्या आणि थोरली वाकून बघत होत्या. त्यांना बाहेरचं काही ऐकू गेलेलं नव्हतं.

धाकटी दाराच्या आड उभी होती. इतका वेळ ती तिथेच असणार. दातांच्या कप्प्यांपाशी गेली, खालच्या दातांचा खण ओढला, आणि एकेक दात तळहातावर घेऊन उजेडात रंग जुळवायला लागली.

"पोरी," आबा अगदी हळू म्हणाले. "साचा अजून आलेला नाही."

तिने एक दात परत टाकला, दुसरा उचलला.

"तो आला म्हणजे मिळवली," ती म्हणाली.